घरच्या घरी फॉग लाईट एलईडी करताना: गोव्यातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साखळीचा. महिन्यातून दोन-तीनदा तरी चोर्ला घाटातून बेळगावला जाणं होतं. केरी सोडून अंजुणे धरणाच्या बाजूने चढायला लागलं की पावसाळ्यात धुकं थेट बॉनेटवर येऊन बसतं. माझ्या, भावाच्या आणि शेजाऱ्यांच्या मिळून सात-आठ गाड्यांचे फॉग लाईट मी अंगणात बसून बदलले आहेत. त्यातले दोन जोड पुन्हा काढूनही टाकले. लोक जे जे विचारतात ते इथे एका जागी लिहिलं आहे.

एलईडी टाकल्यावर धुक्यात खरंच जास्त दिसतं का?

बल्ब दिव्यात नीट बसला तर दिसतं. नाही बसला तर आधीपेक्षाही कमी दिसतं.

फॉग लाईटचं काम लांबचं दाखवणं हे नाहीच. बंपरच्या तळाशी बसून रुंद आणि चपटा झोत टाकायचा, आणि गाडीपुढचा थोडासा रस्ता, कडेची पांढरी पट्टी, वळणावरचा कठडा एवढं उजळायचं, हे त्याचं काम. झोताची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ असते, तिला कट-ऑफ म्हणतात. हा दिवा असा मुद्दाम बनवलेला असतो, कारण वर गेलेला प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. घाटात एकदा अप्पर मारून बघा, समोर पांढरी चादर धरल्यासारखं होतं. आता दुप्पट उजेडाचा एलईडी लावला आणि त्याचा प्रकाश कट-ऑफच्या वर सांडला, तर ती चादरही दुप्पट जाड होणार. म्हणून उजेड किती पडतो यापेक्षा तो कुठे पडतो हे आधी बघायचं. पुढची बहुतेक उत्तरं फिरून इथेच येतात.

गोव्यात धुकं असतं कितीसं? एवढी खटपट कशाला?

पणजी-मडगावच्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण चोर्ला, अनमोड, किंवा सावंतवाडीहून वर जाताना आंबोली, या तिन्ही घाटांत पावसाळ्यात ढगच रस्त्यावर उतरलेले असतात. थंडीत सत्तरी-डिचोलीच्या सखल भागात, नदीकाठच्या कुळागरांजवळ पहाटे चांगलं धुकं धरतं. आणि धुकं सोडा, मुसळधार पावसात ओला डांबरी रस्ता हेडलाईटचा प्रकाश गिळून टाकतो. तेव्हा रस्त्याची कड, पाण्याने भरलेला खड्डा आणि मध्येच बसलेली गाय दाखवायला खालून येणारा आडवा उजेड फार उपयोगी पडतो.

गाडी फक्त पर्वरी ते पणजी चालत असेल, तर आहे तो हॅलोजनच ठेवा.

माझ्या गाडीला कोणता बल्ब लागतो हे कसं कळणार?

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात बल्बांचा तक्ता असतो, तिथे बघा. पुस्तक हरवलं असेल तर जुना बल्ब काढून त्याच्या बुडावरचा नंबर वाचा. आपल्याकडच्या गाड्यांत जास्त करून एच८, एच११, एच१६, एच२७ म्हणजेच ८८० किंवा ८८१, एचबी४ यांपैकी एक सापडतो. जुन्या गाड्यांत आणि बाहेरून बसवलेल्या दिव्यांत एच३ दिसतो.

एच८, एच११ आणि एच१६ हे तिघे दिसायला भावंडं. बूड जवळजवळ सारखं, फक्त कानांची, म्हणजे खाचेत अडकणाऱ्या टोकांची, जागा आणि खाचा वेगळ्या. वॉट मात्र फार वेगळे: एच११ असतो ५५ वॉटचा, एच८ असतो ३५ चा आणि एच१६ फक्त १९ चा. कान तासून एच१६ च्या दिव्यात ५५ वॉटचा हॅलोजन बसवायचा प्रकार मी पाहिला आहे. दिव्याच्या आतलं प्लास्टिक वितळून परावर्तकाचा चकचकीत थर पापुद्र्यासारखा सुटला होता. तसं कधीही करू नका. एलईडी बल्ब बहुधा ‘एच८/एच११/एच१६’ असे तिघांना मिळून एकच विकले जातात. उष्णतेच्या दृष्टीने ते चालतात, पण कानांची पकड सैल बसते का ते हातात घेऊन बघायला हवं.

दुकानात जाताना जुना बल्ब खिशात घालून न्या. गाडीचं मॉडेल सांगून विकत घेतलेला बल्ब न बसण्याची शक्यता पुष्कळ, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षावर्षाला दिवा बदललेला असतो.

डब्यावर ‘२०,००० लुमेन’ लिहिलंय. चांगला असेल ना?

लुमेन म्हणजे उजेडाचं माप. डब्यावरचा हा आकडा बघून बल्ब घेऊ नका. थोडा हिशोब मांडतो, मग दुकानात तुम्हीच ठरवा.

५५ वॉटचा एच११ हॅलोजन सुमारे १,३५० लुमेन देतो. एच८ देतो ८०० आणि एच१६ देतो ५००. बल्बांच्या आंतरराष्ट्रीय मानकातच हे आकडे ठरलेले आहेत. गाडीत बसणारा चांगला एलईडी एका वॉटला साधारण १०० लुमेन देतो असं धरा. म्हणजे २० वॉटचा बल्ब झाला २,००० लुमेनचा. वीस हजार लुमेनसाठी एकेका बल्बाला २०० वॉट लागतील. तेवढी वीज त्या वायरीतून येत नाही आणि तेवढी उष्णता त्या इवल्याशा बुडातून बाहेर पडत नाही.

डब्यावर वॉट किती लिहिले आहेत ते बघा. फॉग लाईटला १५ ते २५ वॉटचा बल्ब पुरतो. त्याहून जास्तीचा घेतला की एकतर आकडा खोटा असतो, नाहीतर बल्ब तापतो, आणि तापला की एलईडीचा उजेड स्वतःहून कमी होत जातो. दुकानात लखलखीत दिसलेला बल्ब पंधरा मिनिटांनी घाटात मंद झाला तर काय उपयोग? घेतल्यावर घरी एकदा वीस मिनिटं चालू ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी भिंतीवर पडलेल्या उजेडाचा त्याच ठिकाणाहून मोबाईलने फोटो काढा, कॅमेऱ्याचं एक्स्पोजर दोन्ही वेळा तेच ठेवून. फरक डोळ्यांना दिसला तर बल्ब परत करा.

आणि चिपा बघा. जुन्या हॅलोजनमधली तार ज्या जागी होती, बरोबर त्याच जागी एलईडीच्या चिपा आल्या पाहिजेत. दिव्याचा परावर्तक त्या एका जागेसाठी घडवलेला असतो. जुना आणि नवा बल्ब बुडाला बूड लावून शेजारी धरा. तार आणि चिपा एका ओळीत येतात का बघा, आणि चिपांची पट्टी तारेइतकीच बारीक आहे का तेही बघा. चारी बाजूंनी कणसासारख्या चिपा लावलेले बल्ब तर हातातही घेऊ नका, त्यांचा उजेड सगळीकडे पसरतो.

पिवळा घ्यावा की पांढरा?

घाटात जाणाऱ्याने पिवळा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र ‘पिवळा प्रकाश धुकं कापतो’ हे कारण मी देणार नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, त्यामुळे पिवळा काय आणि पांढरा काय, दोन्ही सारखेच विखुरतात. फरक पडतो तो आपल्या डोळ्यांत. केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा वाढला की रंग निळसर. ६,००० केल्विनच्या वरच्या एलईडीत निळा अंश जास्त असतो. हा निळसर उजेड धुक्यातून परत आला की डोळे दिपतात आणि लवकर थकतात. ३,००० केल्विनच्या पिवळ्यात तो निळा भाग नसल्यासारखाच असतो. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाईटच पिवळे असत.

पांढराच हवा असेल तर ४,३०० केल्विनच्या आसपासचा घ्या. निळसर, जांभळट, किंवा रंग बदलणारे बल्ब घेऊ नका. गाडीच्या पुढच्या फॉग लाईटला पांढरा आणि पिवळा हे दोनच रंग चालतात.

घरी बदलायला काय काय लागतं? कसं बदलायचं?

एक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, दहा नंबरचा पाना, काही गाड्यांना चांदणीच्या आकाराचं टॉर्क्स बिट, आणि प्लास्टिकच्या क्लिपा उचकटायला चपटं काहीतरी. जुना टॉवेल आणि हेडटॉर्च असला तर काम सोपं होतं. चार-पाच जादा क्लिपा आधीच आणून ठेवा, कारण जुन्यातल्या एक-दोन हमखास तुटतात.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन आणि दिवे बंद करून चावी काढा. दिवे नुकतेच चालू असतील तर अर्धा तास थांबा, हॅलोजनच्या काचेने चांगला चटका बसतो.

बहुतेक गाड्यांत बंपर उतरवायची गरज पडत नाही. चाकाच्या वर आतल्या बाजूला जे काळं प्लास्टिकचं अस्तर असतं, त्याचा पुढचा भाग सोडवून हात आत घालता येतो. डावीकडच्या दिव्यासाठी चावी लावून स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवा आणि चावी परत काढा. मग चाकाची पुढची कड आत जाते आणि तुमच्या हाताला जागा होते. उजवीकडच्या दिव्यासाठी याच्या उलट. अस्तराचे तीन-चार स्क्रू आणि क्लिपा काढल्या की ते हळूच मागे दुमडतं. डिचोली-सत्तरीच्या गाड्यांत इथून ओंजळभर तांबडी माती पडते. ती आधी ब्रशने झाडून घ्या, नाहीतर दिव्याचं भोक उघडं असताना नेमकी तीच आत जाते.

आता हात आत घातलात की दिव्याच्या पाठीमागे कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, लागेल. त्याचं कुलूप अंगठ्याने दाबून कपलर ओढा. वायर धरून ओढू नका. एच८, एच११ किंवा एच१६ असेल तर बल्ब घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी फिरवला की मोकळा होतो. नवा बसवताना तीन कान तीन खाचांत गेले पाहिजेत आणि घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर ‘टक्’ असं जाणवलं पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर थांबा, कुठला तरी कान चुकीच्या खाचेत आहे. बल्बाच्या बुडाभोवतीची रबरी रिंग जागेवर आहे ना, हे बोट फिरवून तपासा. पावसाचं पाणी तिथूनच शिरतं.

बल्बाच्या मागे पंखा किंवा ॲल्युमिनियमच्या पात्या असतील तर त्यांच्याभोवती मोकळी जागा हवी, कारण एलईडीची उष्णता मागच्या बाजूने बाहेर पडते. ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा, वेगळा छोटा डबा असेल तर तो लोंबकळत सोडू नका. केबल-टायने पक्का बांधा, चाक फिरताना त्याला लागणार नाही अशा जागी.

अस्तर परत लावायच्या आधी दिवे लावून बघा. पन्नास मिनिटांच्या कामात लोक हीच एक पायरी गाळतात आणि सगळं पुन्हा उघडत बसतात.

काही गाड्यांत खालून जावं लागतं. तेव्हा नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. स्टँड नसेल तर हे काम गॅरेजमध्ये करून घ्या.

बल्ब बसला, पेटला, पण उजेड विचित्र पसरतो. असं का?

चिपांची दिशा चुकली असणार. दुतर्फा चिपांच्या बल्बात चिपा डावी-उजवीकडे बघायला हव्यात, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी. वर-खाली बघत असतील तर झोताचा आकार मोडतो आणि वरची कड धूसर होते. चांगल्या बल्बाची कानांची कडी बारीक ॲलन स्क्रूने सैल करून फिरवता येते. बल्ब बाहेर काढा, कडी फिरवा, पुन्हा बसवा आणि बघा. दोन-तीनदा करावं लागेल.

हे मी इतक्या बारकाईने सांगतो त्याला कारण आहे. भावाच्या गाडीत पहिल्यांदा बल्ब बसवले तेव्हा उजेड भरपूर दिसला, म्हणून मी भिंतीवर न बघताच गाडी बाहेर काढली. साखळीहून डिचोलीकडे जाताना समोरून एक बाई स्कूटरवर येत होती, पुढे लहान मूल उभं. आमचा उजेड तोंडावर आला तसा तिने एक हात डोळ्यांवर धरला आणि स्कूटर कडेच्या मातीत उतरवून थांबली. मूल रडायला लागलं. मी तिथेच फॉग लाईट बंद केले आणि हेडलाईटवर घरी आलो. बल्ब काढून बघितला तर चिपा वर-खाली होत्या. तेव्हापासून भिंतीची चाचणी झाल्याशिवाय मी कुणाची गाडी अंगणाबाहेर जाऊ देत नाही. आपल्याकडचे रस्ते अरुंद आहेत, आणि समोरून येणारे बहुतेक दुचाकीवर असतात. त्यांचे डोळे आपल्या दिव्यांच्या अगदी जवळून जातात.

भिंतीची चाचणी कशी करायची?

सपाट जागा आणि सपाट, फिकट रंगाची भिंत शोधा. चिऱ्याच्या उघड्या भिंतीवर रेषा स्पष्ट दिसत नाही. चुना मारलेली भिंत किंवा दुकानाचं बंद शटर चांगलं. अंगणाला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, तो लक्षात घ्या. आमच्या अंगणात तुळशीपासून गेटापर्यंत चांगला वीतभर उतार आहे, म्हणून मी शेजारच्या हॉलसमोरच्या काँक्रीटवर गाडी नेतो. चाकांत हवा बरोबर असू दे आणि डिकीत सामान नसू दे.

गाडी भिंतीला अगदी टेकवून उभी करा आणि दोन्ही फॉग लाईटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने किंवा चिकटपट्टीने खुणा करून घ्या. दोन खुणा जोडणारी आडवी रेषा मारा. तिच्या खाली दहा सेंटिमीटरवर दुसरी रेषा मारा. आता गाडी सरळ मागे घ्या, दिव्यांपासून भिंत साडेसात मीटरवर येईपर्यंत. अंधार पडल्यावर फक्त फॉग लाईट लावा. काही गाड्यांत ते एकटे लागत नाहीत, तेव्हा हेडलाईट पुठ्ठ्याने झाकून घ्या.

झोताची वरची कड खालच्या रेषेच्या आसपास आली पाहिजे. दिव्याच्या मध्याच्या रेषेच्या वर ती जाताच कामा नये. बहुतेक फॉग लाईटला खालून किंवा मागून एक स्क्रू असतो, तो फिरवून दिवा वर-खाली करता येतो. किती फेऱ्या फिरवल्या ते मोजत जा, म्हणजे परत फिरता येतं.

मुख्य म्हणजे ती कड आहे का ते बघा. हॅलोजन असताना जी सरळ रेषा दिसत होती ती तशीच राहिली तर बल्ब पास. कड धूसर झाली, वर ठिपके किंवा चट्टे दिसायला लागले, तर चिपांची दिशा बदलून बघा. तरीही तसंच असेल तर हा बल्ब तुमच्या दिव्याचा नाही. नुसता दिवा खाली झुकवून हा दोष झाकू नका, कारण सांडलेला प्रकाश सांडलेलाच राहतो. मी काढून टाकलेले दोन जोड याच परीक्षेत नापास झाले होते. एक तर चांगला महागाचा होता.

जुने हॅलोजन असतानाच एक फोटो काढून ठेवलात तर तुलना करणं सोपं जातं.

एक दिवा लागतच नाही.

कपलर उलटा लावून बघा. हॅलोजनला प्लस-मायनस कळत नाही, पण काही एलईडींना कळतं. कपलर उलटा बसत नसेल तर बल्बाकडच्या जोडणीतल्या दोन पिना अदलाबदल कराव्या लागतात. त्यानंतरही नाही लागला तर फ्यूज बघा. फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा टाका. मोठा फ्यूज टाकला की वायर जळायची वाट मोकळी झाली.

दिवे लुकलुकतात, किंवा डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण येते.

नव्या गाड्यांचा कंप्यूटर बल्ब किती वीज खातो ते बघतो. ५५ वॉटचा हॅलोजन साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो, २० वॉटचा एलईडी दोनच्या आत. कंप्यूटरला वाटतं, बल्ब गेला. काही गाड्या तर वीज अखंड न देता झटपट चालू-बंद करत देतात. हॅलोजनची तार तेवढ्यात विझत नाही, एलईडी मात्र लुकलुकतो.

यासाठी कॅनबस डीकोडर, म्हणजे कंप्यूटरला बल्ब ठीक आहे असं भासवणारा छोटा डबा, मिळतो, किंवा तो आत असलेलाच बल्ब घ्यायचा. नुसता रेझिस्टर जोडायचा उपाय मला पसंत नाही. उरलेली सगळी वीज तो उष्णतेत उडवतो आणि हात लावता येणार नाही इतका तापतो. बंपरच्या प्लास्टिकला किंवा वायरींच्या जुडग्याला तो टेकला तर वास यायच्या आतच काम झालेलं असतं. लावायचाच असेल तर लोखंडी पत्र्यावर स्क्रूने पक्का बसवा.

फॉग लाईट लावले की रेडिओ खरखरतो.

स्वस्त ड्रायव्हरमुळे होतं. पणजी आकाशवाणी लावून दिवे चालू-बंद करा. खरखर दिव्यांबरोबरच येते-जाते असं दिसलं तर बल्ब बदलून घ्या.

नवीन वायरिंग आणि रिले लागतो का?

रिले म्हणजे छोट्या स्विचच्या विजेवर दिव्यांची मोठी वीज चालू-बंद करणारा भाग. कंपनीचेच फॉग लाईट असतील तर नाही. एलईडी आधीपेक्षा कमी वीज घेतो. दुकानदार हार्नेस, म्हणजे तयार वायरींचं जुडगं, गळ्यात मारू पाहील, नको म्हणा.

गाडीला फॉग लाईटच नाहीत, फक्त बंपरवर झाकणं आहेत. घरी बसवता येतील?

आधी त्या मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचे दिवे आणि जाळ्या मिळतात का ते विचारा. पुष्कळदा आतमध्ये कपलर आयता लटकत असतो, तेव्हा काम सोपं होतं. कपलर नसेल तर चार पिनांचा रिले हवा: ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून दिव्यांना, ८५ आणि ८६ मध्ये स्विच आणि अर्थ. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असू दे, म्हणजे पुढे कुठेही वायर घासली तरी तो उडेल. स्विचची वीज पार्किंग लाईटवरून घ्या, म्हणजे पार्किंग लाईट बंद केले की फॉग लाईटही बंद होतात, चुकून चालू राहत नाहीत. आयुष्यात कधी वायरिंग केलेलं नसेल, तर हे काम गाडीच्या इलेक्ट्रिशियनला द्या आणि शेजारी उभे राहून बघा.

पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरते. आधी धरत नव्हती.

हॅलोजनचा झोतही गरम असतो. आत शिरलेला ओलावा तो काच तापवून वाळवतो. एलईडीची उष्णता मागे जाते, काच थंडच राहते, आणि आपल्याकडच्या जुलै महिन्यात ती वाफ सहजासहजी जात नाही. थोडी धूसर वाफ येऊन दिवसभरात गेली तर काळजी नको. थेंब ओघळत असतील तर रबरी रिंग बघा, ती बहुतेक वेळा मुडपलेली सापडते. दिव्याला मागे श्वास घ्यायला एक छोटं भोक किंवा नळी असते, ती मातीने बुजली असेल तर साफ करा. सगळीकडे सिलिकॉन थापून दिवा बंदिस्त करू नका. आत अडकलेला ओलावा मग बाहेर पडायला वाटच राहत नाही आणि परावर्तक काळा पडतो.

आम्ही वास्कोत, समुद्राला लागून राहतो. काही वेगळी काळजी?

हो. खाऱ्या हवेने कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो आणि दिवा कधी लागतो, कधी नाही. बल्ब बदलतानाच पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, वाळू द्या, आणि कपलरमध्ये थोडं सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. हे ग्रीस विजेला अडवतं, पण पिना एकमेकींना घट्ट टेकतात तिथून ते बाजूला सरतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. चाकाचं साधं ग्रीस वापरू नका. पंखा असलेला बल्ब समुद्राजवळ फार टिकत नाही, बिनपंख्याचा पात्यांचा घ्या.

आरटीओवाले पकडतील का? वॉरंटीचं काय?

सरळ सांगतो. दिव्याला मिळालेली मान्यता ही त्यात ठरवून दिलेल्या बल्बासकट असते. हॅलोजनसाठी मान्यता मिळालेल्या दिव्यात एलईडी घातला की तो त्या मान्यतेच्या बाहेर गेला, झोत कितीही नीट असो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १०६ व्या नियमाप्रमाणे पुढच्या दिव्याचा झोत खाली वळलेला हवा, आठ मीटरवरच्या दीड मीटर उंचीच्या डोळ्यांना तो दिपवू शकणार नाही इतका. भिंतीच्या चाचणीमागेही हाच विचार आहे.

गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापू नका, खरवडू नका. कपलर ते कपलर जोडणी करा, जुने बल्ब जपून ठेवा आणि आधी शोरूमच्या सर्व्हिसवाल्याला विचारा. विजेच्या कुठल्याही बिघाडावर बाहेरच्या बल्बाकडे बोट दाखवून क्लेम नाकारला जाऊ शकतो.

मग कायद्यात बसणारा मार्ग कोणता?

अख्खा दिवाच एलईडीचा घ्या. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने एलईडी फॉग लाईट दिले असतील तर तेच बघा. बाहेरचे घेत असाल तर काचेवर गोलात ‘ई’ आणि शेजारी आकडा असलेली मान्यतेची खूण हवी. त्याच काचेवर ‘बी’ किंवा ‘एफ३’ अक्षर असेल तर तो पुढचा फॉग लाईट म्हणूनच तपासलेला आहे. त्यात चिपा आणि भिंग एकमेकांसाठी बनवलेले असतात, कड रेखीव पडते आणि ती दिशा-कड्यांची खटपट राहत नाही. पैसे जास्त जातात. पण जो आठवड्याला घाट चढतो त्याला मी आता हाच सल्ला देतो, आणि माझ्या स्वतःच्या गाडीतही गेल्या वर्षी हेच बसवले.

फॉग लाईट कधी लावायचे?

धुकं, जोराचा पाऊस, घाटातले ढग. डिपरबरोबर लावा, अप्परबरोबर नाही. स्वच्छ रात्री महामार्गावर बंद ठेवा. तेव्हा गाडीपुढचा जवळचा रस्ता फार उजळतो, डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचं कमी दिसतं. आणि घाटात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला वाटतं तुम्ही थांबला आहात, आणि वळायचं असेल तेव्हा इंडिकेटर देताच येत नाही.

जुन्या हॅलोजन बल्बांचं काय करायचं?

फेकू नका. काचेला बोट न लावता कागदात गुंडाळा. बोटाचं तेल काचेवर राहिलं की पुढे तिथेच ती तापून तडकते. नव्या बल्बाच्या डब्यात घालून डिकीत स्टेपनीजवळ ठेवा, आणि बरोबर तो फुलीचा स्क्रूड्रायव्हरही. एलईडी गेला तर तो दुरुस्त होत नाही. केरी ते जांबोटीच्या मध्ये रात्री दुकान नाही, पण हे दोन बल्ब जवळ असले तर पुढे पेट्रोल पंप लागला की त्याच्या उजेडात बसवता येतात.